मत राहू द्या, पण माफी मागा

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. माझा एक जिवलग मित्र होता. अंबाजोगाईला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. पुढं तो शिक्षक झाला, मी दुकान टाकलं. त्याच्या शेतीचं खत-बी माझ्याच दुकानातून जायचं. त्याची मुलगी माझ्या मुलाला राखी बांधते. आमच्या जाती वेगळ्या, पण ते कधी आडवं आलं नव्हतं.*

*आरक्षणाचं पेटलं तसं आमचं जमेनासं झालं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर एका रात्री कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी माझं मत स्पष्ट लिहिलं. त्यानं उत्तर दिलं, मी त्याला उत्तर दिलं, असं मध्यरात्रीपर्यंत चाललं. त्यानं मला सगळ्यांसमोर ‘येडपट’ म्हटलं. नंतर मी एक फॉरवर्ड टाकलं, सगळे टाकतात तसंच. सकाळी बघतो तर तो ग्रुपमधून बाहेर पडलेला. पुढच्या आठवड्यात दुकानात आला, सगळी उधारी फेडली आणि तेव्हापासून खत दुसरीकडून घेतो. समोर आला तर राम राम करतो, थांबत नाही.*

*आता त्याच्या मुलीचं लग्न आहे. मी जेवायला घरी गेलेलो असताना दुकानातल्या पोराजवळ पत्रिका ठेवून गेला. बायको म्हणते, जायलाच पाहिजे. मुलगा म्हणतो, कशाला? भावकीतले म्हणतात, तिथं पंगतीला बसलास तर तू आपला नाहीस. ताई, मी त्याचा द्वेष करत नाही. मला फक्त त्याचं म्हणणं पटत नाही. एवढ्यावरून कुणी इतक्या वर्षांचं नातं तोडतं का? त्याच्यासाठी मी माझं मत बदलावं का?*

*– एक दुकानदार*

भाऊ,

लग्नाला जा. मत बदलू नका. तुम्ही विचारलेल्याची उत्तरं एवढीच आहेत. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

त्याआधी वाचकांसाठी एक खुलासा. या दुकानदार भाऊंची जात कोणती, त्यांच्या मित्राची कोणती, हे मी पत्रातून काढून टाकलं आहे. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही दोन्ही गावं जालना जिल्ह्याच्या एकाच अंबड तालुक्यातली, एकमेकांच्या शेजारची. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवालीत मराठा आरक्षणासाठी बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीला दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ओबीसींचं, उपोषण बसलं. तेव्हापासून या सदराकडं दोन्हीकडची पत्रं येतात. त्यातली आडनावं झाकली तर कुठलं पत्र कुठल्या बाजूचं, ते मलाही सांगता येणार नाही. तेच दुखणं, तीच तक्रार, तोच तुटलेला मित्र. म्हणून हे उत्तर ज्याला लागू पडेल त्यानं आपलं समजून वाचावं.

आता तुमच्याकडं वळते. तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथं मी ते आखडून छापलं आहे. त्यात आरक्षणाबद्दलचं तुमचं म्हणणं तुम्ही तीन परिच्छेद भरून लिहिलं होतं. फॉरवर्डबद्दल मात्र अर्धीच ओळ, आणि तीही ‘सगळे टाकतात तसंच’ म्हणून झटकलेली. बरं झालं, त्या रात्रीच्या सगळ्या बोलण्याचे फोटो तुम्ही सोबत पाठवलेत. मी ते सगळं वाचलं, वेळेसकट.

दहाच्या सुमारास तुम्ही सुरुवात केली. तुमचा मुद्दा आला, त्याचा आला. तुम्ही एका निकालाचा दाखला दिला, त्यानं दुसरा दिला. एके ठिकाणी तो लिहितो, “हे तुझं बरोबर आहे, पण मग आमच्या पोरांनी जायचं कुठं?” त्यावर तुम्ही लिहिता, “जायचं कुठं हा प्रश्न माझ्याही पोराला आहे.” मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं बोलणं तेच. दोघंही तापलेले होते, पण बोलत एकमेकांशी होते. मग तो तुम्हाला येडपट म्हणाला. त्याचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं, पत्रात दोनदा आलंय. भाऊ, एका खोलीत राहिलेल्या माणसानं वाद रंगात आल्यावर येडपट म्हटलं तर आपल्याकडं त्याला कुणी अपमान म्हणत नाही. मराठवाड्यात माणसं मायेनं बोलली तरी परक्याला भांडण वाटतं. शिवाय येडपट म्हणून तो थांबला नाही. त्याच्या खाली तुमच्या मुद्द्याचं उत्तर लिहिलंय, तेही सात-आठ ओळींचं. ज्या माणसाची किंमत संपली त्याच्यासाठी बाराच्या ठोक्याला कुणी सात-आठ ओळी टाइप करत बसत नाही.

त्यानंतर तुमचं फॉरवर्ड आलं.

ते मी इथं छापणार नाही. त्यात आरक्षण कुठं होतं, मला सांगा. पन्नास टक्क्यांची मर्यादा नव्हती, दाखला नव्हता, नोकरी नव्हती. त्याच्या जातीची माणसं कशी असतात, काय लायकीची असतात आणि त्यांच्या बायका कशा असतात, एवढंच होतं, वर हसण्याची चित्रं. ज्या घरची मुलगी तुमच्या मुलाला राखी बांधते, त्या घराबद्दलचं ते होतं. याला त्यानं काय उत्तर द्यायचं? ‘हे तुझं बरोबर आहे, पण’ असं म्हणायचं? उत्तर देण्याजोगं त्यात काही नव्हतंच. म्हणून उत्तर न देता तो निघून गेला.

म्हणजे तुमच्या मतावरून त्यानं नातं तोडलेलं नाही. तुमचं मत त्याला आधीपासून ठाऊक होतं, दुकानाच्या काउंटरवर चहा पिताना ते त्यानं कितीदा ऐकलं असेल. ते ऐकूनही तो खत तुमच्याकडूनच नेत होता. तो उठून गेला तो फॉरवर्डवरून. या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच रात्री केल्या आणि आता त्यांचा एकच गठ्ठा बांधून विचारताय की मत मांडलं हा माझा गुन्हा का. मत मांडलं याबद्दल तुम्ही कुणाचंही काही देणं लागत नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र लागता.

हे सदर लिहायच्या आधी मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवत असे. बांधाचे, वाटणीचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीचे. एका दाव्यातले दोघं चुलतभाऊ मला अजून डोळ्यांपुढं दिसतात. वादी आणि प्रतिवादी दर तारखेला एकाच मोटारसायकलवर यायचे. गाडी एकाची, पेट्रोल दुसऱ्याचं. मागं बसलेल्याच्या मांडीवर एक नायलॉनची पिशवी, त्यात दोघांचे कागद. पुकारा होईपर्यंत कोर्टाबाहेरच्या टपरीवर एकाच प्लेटमधली भजी खायची. मग आत जाऊन एकानं छातीठोकपणे सांगायचं की साहेब, हा धादांत खोटं बोलतोय, यानं बांध दोन हात कोरलाय. संध्याकाळी परत त्याच गाडीवर गावाकडं. मी एकदा विचारलं तर धाकटा म्हणाला, “वकीलबाई, भांडण बांधाचं हाय, गाडीचं न्हाई.”

पुढं एका सोयरिकीच्या बैठकीत थोरला पाहुण्यांदेखत बोलून गेला की याच्या घरात पोरगी द्यावी असं काय आहे. पुढच्या तारखेपासून दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी आले. टपरीवर दोन टोकांना बसले. दावा तोच होता, बांध होता तिथंच होता, मोजणीचा नकाशाही तोच. आधी कोर्टात एकमेकाला खोटारडा म्हणूनही जे तुटलं नव्हतं, ते कोर्टाबाहेरच्या एका वाक्यानं तुटलं. कारण आधीचं सगळं बोलणं जमिनीबद्दल होतं. हे वाक्य भावाच्या घराबद्दल होतं, तो माणसांत बसण्याच्या लायकीचा आहे की नाही याबद्दल होतं.

दिवाणी दाव्याची एक रीत मला फार आवडायची. वादी आपल्या दाव्यात कलमं लिहितो आणि प्रतिवादीला कैफियत द्यावी लागते. त्यात एकेक कलम घेऊन सांगायचं असतं, हे मान्य, हे अमान्य. नुसतं ‘सगळं खोटं आहे’ म्हणून चालत नाही. मग न्यायाधीश मुद्दे काढतात, म्हणजे ज्या गोष्टींवर दोघांचं खरोखर दुमत आहे तेवढ्याच बाजूला काढतात. पंधरा कलमांच्या दाव्यात बऱ्याचदा तीन नाहीतर चारच मुद्दे निघतात. बाकीचं दोघांनाही कबूल असतं, फक्त ते इतके दिवस कुणी कागदावर मांडलेलं नसतं.

तुमच्या दोघांचं असंच काढून पाहिलं तर काय निघतं? जमिनीचे तुकडे होत होत एकराच्या आत आले, दोघांनाही कबूल. सोयाबीनच्या भावात घर चालत नाही, कबूल. लातूरला नीटच्या क्लासला मुलाला ठेवायचं तर फी, मेस आणि खोलीभाडं मिळून कंबर मोडते, कबूल. सरकारी जागा निघतात थोड्या आणि अर्ज पडतात ढीगभर, हेही कबूल. आता उरलं ते दुमत. १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं घातलेली पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडावी का? मे २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं आधीचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानं दहा टक्क्यांचा नवा केला, तो पुरेसा आहे का? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथल्या नोंदी हैदराबादच्या दप्तरात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्यावरून मराठ्यांना कुणबी, म्हणजे ओबीसीतले, दाखले द्यावेत का, आणि दिले तर आधीपासून ओबीसीत असलेल्यांच्या वाट्याला किती चाट बसेल? यातल्या एकेका मुद्द्यावर दोन शहाणी माणसं जन्मभर भांडू शकतात. खुशाल भांडावं. त्यात कुणाच्या बायकांचा विषय कुठंही येत नाही.

एक मात्र तुम्हाला सोडून देणार नाही. “मला फक्त त्याचं म्हणणं पटत नाही,” असं तुम्ही लिहिलंय, त्यातलं ‘फक्त’ फार हलक्या हातानं टाकलंय. तुमच्यासाठीही ते ‘फक्त’ नाही आणि त्याच्यासाठीही नाही. इथं ज्याचं म्हणणं खरं होईल त्याच्या मुलाला जागा मिळेल आणि दुसऱ्याच्या मुलाची जाईल, अशी दोघांची समजूत आहे. चहा गोड असावा की फिका, असला हा वाद नव्हे. तुमचं मत ऐकून त्याच्या पोटात कालवत असेल, तर त्यानं काही तुमचं मत अपमानाचं ठरत नाही. पण त्याच्या पोटात कालवतंय हे दिसत असताना आपण मजा म्हणून बोललो, टाळी मिळावी म्हणून बोललो, तर तेच मत अपमानाचं हत्यार होतं. त्या रात्रीचं तुमचं पहिलं लिहिणं मजेसाठी नव्हतं. शेवटचं होतं. त्या फॉरवर्डवर तिघांनी हसण्याची चित्रं टाकली, तीही फोटोत दिसतात, आणि तुम्ही त्यातल्या एकाला अंगठा दाखवलाय.

तुम्ही म्हणता, मी द्वेष करत नाही. मी ते खरं धरते. पण ते नुसतं तुमच्या मनात असून भागत नाही. आपल्या मराठवाड्यानं हे एकदा फार वाईट रीतीनं पाहिलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. नाव द्यावं की देऊ नये यावर सभा झाल्या, लेख आले, मोर्चे निघाले. ते कडवट होतं, पण तो वाद होता. त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतून दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. तो वाद नव्हता. घरं जळलेल्यांपैकी कितीतरी जणांनी विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या वेळी विरोधात असलेली वयस्कर माणसं आजही भेटतात. आमचा विरोध फक्त नावाला होता, माणसांना नव्हता, असं म्हणतात. त्यातले काही अगदी खरं सांगत असतील. पण वस्त्या जळत होत्या त्या आठवड्यात त्यांचं काम होतं की आपल्याच बाजूच्या लोकांपुढं उभं राहून सांगायचं, हे आमच्या विरोधात बसत नाही, हे थांबवा. ज्यांनी तसं सांगितलं त्यांचं ‘फक्त नावाला’ मी मान्य करते. जे घरात बसून राहिले, त्यांचं ज्याचं घर जळलं त्यानं का मान्य करावं?

तुमच्या गावात काही जळलेलं नाही, देवाची कृपा. पण प्रश्न त्याच प्रकारचा आहे. माझ्या मनात द्वेष नाही हे तुमच्या मित्राला कशावरून कळावं? तुमच्या मतावरून ते कळणार नाही, मत कुठल्याही बाजूचं असू शकतं. ते कळेल तुमच्या बाजूचं कुणी त्याच्या घराबद्दल घाण बोलतं तेव्हा तुम्ही काय करता, यावरून. त्या रात्री तुम्ही ती घाण उचलून स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं ठेवलीत. तुम्ही ती लिहिली नव्हती, मान्य. पोस्टमननं पत्र टाकावं तसं मात्र ते नव्हतं, तुम्ही ते निवडून टाकलंत. दुसऱ्या जातीबद्दल वैर वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरू शकतो. ग्रुपवर असलं काही ढकलणाऱ्या प्रत्येकानं तेवढं ध्यानात ठेवावं. तुम्हाला मी त्या भीतीनं काही करायला सांगत नाही, तुमच्या मित्रानंही पोलिसात पाऊल ठेवलेलं नाही.

त्यानं काय केलं ते पाहा. उधारी फेडली. तुमच्याकडं राग धरून पैसे बुडवणारे गिऱ्हाईक तुम्ही पाहिले नाहीत का? ऐन हंगामात रोकड काढून पूर्ण हिशेब मिटवला. राम राम चालू ठेवला. आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. तुम्ही नसताना दिली, याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला वाटतं, तुमच्यासमोर उभं राहायची त्याची हिंमत झाली नसावी. पण मुलीच्या लग्नात तुम्ही नसावं हेही त्याला सोसवेना. तुमच्या गिऱ्हाइकांना ‘याच्याकडून खत घेऊ नका’ असं सांगत तो फिरला असता तर मी वेगळं लिहिलं असतं. बीडमधल्या काही गावांत दुसऱ्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नका, हॉटेलात चहा पिऊ नका असं झालेलं आपण ऐकलंय, तो थेट पोटावर पाय आहे आणि त्याला मी मतभेद म्हणणार नाही. यानं तसलं काही केलं नाही. दुखावलेला माणूस दूर झाला, एवढंच. त्याच्यावर द्वेषाचा शिक्का मारू नका.

तुम्हाला सल्ला देणारे गावात आणखी भेटतील. ते म्हणतील, झालं गेलं विसरा, लग्नाला जा, आहेर करा, आणि इथून पुढं तो विषयच काढू नका. मला हा सल्ला पटत नाही. आपल्या घरांत लहानपणापासून एकच शिकवण, मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही. सुनेनं सासूला ‘मला नाही पटत’ म्हटलं की ती उद्धट. पोरानं बापाला विचारलं ‘असं का’ की पोरगं हाताबाहेर गेलं. त्यामुळं न पटणं आणि अपमान करणं हे एकच, अशी आपली पक्की समजूत झालेली असते, आणि मग आपण दोनच गोष्टी करतो, गप्प बसतो नाहीतर तुटून पडतो. मधलं काही आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. तुम्ही दोघं त्या रात्री दोन तास जे मधलं करत होता, ते कौतुकाचं होतं. विषय कायमचा बंद केलात तर त्याचा अर्थ असा होईल की त्याला तुमचं खरं मत सोसणार नाही असं तुम्ही धरून चाललात. लहान पोरासारखं त्याला सांभाळून घेणं, हाही मान नव्हे.

मग करायचं काय, ते सांगते.

आधी ग्रुपवर लिहा. तो ग्रुपमध्ये नाही, तरी लिहा. अपमान तिथं झाला, साक्षीदार तिथं आहेत, त्याची भरपाई घरात गुपचूप होत नाही. चार ओळी पुरे. अमुक दिवशी मी जे फॉरवर्ड टाकलं ते घाणेरडं होतं, आपल्याच मित्राच्या घराबद्दल होतं, ते मी टाकायला नको होतं, मी माफी मागतो. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असलं काही जोडू नका. भावना दुखावल्या आहेत, त्यात ‘असतील तर’ कसलं? आणि तुमचं आरक्षणाचं मत मागं घेतो असंही लिहू नका. ते खोटं होईल आणि त्याला ते लगेच कळेल.

मग त्याच्या घरी जा. दुकानात बोलावू नका, फोनवर नको, लग्नाच्या मांडवात तर मुळीच नको. तिथं तो मुलीचा बाप असेल, शंभर माणसांच्या देखत तुमच्याशी गोड बोलणं त्याला भाग पडेल. लग्नाच्या आठेक दिवस आधी, रात्रीची जेवणं झाल्यावर जा. बसल्याबसल्या सांगा, “मी तुझ्या घराबद्दल जे टाकलं त्याची माफी मागायला आलोय. आरक्षणावर माझं मत तेच आहे, त्यावर तुला भांडायचं असेल तर आपण परत भांडू, पण आज नाही.” एवढंच. तो येडपट म्हणाला होता, हे काढू नका. त्यानं खत बंद केलं, हे काढू नका. वहिनी तिथं असल्या तर त्यांच्याकडं बघून माफी मागा, कारण त्या मजकुरात त्यांचाही विषय होता. तुमच्या पत्रात त्यांचं नाव एकदाही आलं नाही. त्यांनी ते वाचलं असेल, असं तुमच्या मनात तरी आलं का?

तो गप्प बसेल. कदाचित चिडेल, चार गोष्टी सुनावेल. ऐकून घ्या. माफी मागितली म्हणून त्यानं ती लगेच द्यावी, असं काही ठरलेलं नसतं. चहा आला तर प्या. नाही आला तर उठून या आणि ठरल्या दिवशी लग्नाला जा. खत तो पुन्हा तुमच्याकडून घेईल की नाही, हा हिशेब मनातही आणू नका. दुकान तुमचं आहे, गिऱ्हाईक व्हायचं की नाही हा अधिकार त्याचा आहे.

आता भावकी. पंगतीला बसलास तर आपला नाहीस, असं म्हणणाऱ्यांना तुमचं आरक्षणावरचं मत नीट माहीत आहे. त्यात तसूभर फरक पडलेला नाही हेही त्यांना माहीत आहे. तरी त्यांना आणखी काहीतरी हवंय. तुम्ही त्या घरचं जेवू नये, त्या मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकू नयेत, हे त्यांना हवंय. आरक्षणाच्या मागणीत किंवा विरोधात हे कुठं बसतं, विचारा त्यांना. भांडायची गरज नाही. “मत माझं तेच आहे, आणि लग्नालाही मी जाणार आहे,” एवढं एकदा शांतपणे सांगा आणि पुन्हा पुन्हा समजावत बसू नका. दोन-चार दिवस कुरकूर होईल. भावकीतलेच एक-दोघं नंतर हळूच येऊन म्हणतील की मलाही जायचं होतं. मला आलेल्या पत्रांत तसं बऱ्याच जणांनी लिहिलंय.

२०२५ मध्ये बीड जिल्ह्यात पोलिसांच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवरून आडनावं काढून टाकली. आडनाव बघून माणसाची पारख होऊ लागली, म्हणून तेवढं करावं लागलं. पोलिसांसाठी ते ठीक आहे, बंदोबस्ताला उभा असलेला माणूस कुणाचा, हे गर्दीला कळू नये. पण तुम्हा दोघांना एकमेकांची आडनावं लपवता येणार नाहीत आणि लपवूही नयेत. त्यानं तुमच्यासमोर आपल्या जातीसकट, आपल्या मागणीसकट बसावं, तुम्हीही तसंच बसावं.

मुलाचं सांगायचं राहिलं. ‘कशाला’ म्हणणारा मुलगा त्या मुलीकडून राखी बांधून घेत मोठा झालाय. तो असा का झाला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण त्याचं उत्तर तुमच्याच फोनमध्ये आहे. बापानं ते फॉरवर्ड टाकलेलं त्यानं पाहिलं असणार. मित्राच्या घरी जाण्याआधी त्याला जवळ बसवा आणि ग्रुपवर काय लिहिलंत ते दाखवा. काय चुकलं ते स्वतः सांगा, आणि काय चुकलेलं नाही तेही सांगा, म्हणजे आरक्षणाबद्दल बाप बोलला ते त्याला पटो न पटो, तेवढं मांडण्याचा बापाला हक्क होता. लग्नाला चल म्हणून त्याला ओढू नका. बहिणीच्या लग्नाला जायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या. नाहीच आला, तर त्याच्या वाटचा आहेर त्याच्याच हातानं पाकिटात घालायला सांगा, आणि पाकिटावर नावही त्यालाच लिहू द्या.